प्रेस स्टार्ट २पी : आठ ठिपक्यांच्या चौकटीतले अक्षरवळण

'प्रेस स्टार्ट २पी' हा गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारा ठिपकेदार फॉन्ट गेले काही महिने माझ्या कामात आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेचा फलक, काचेवरचे रेडियम स्टिकर आणि दारावरची एलईडी पट्टी ही तिन्ही कामे एकाच वळणात करायची होती, त्यामुळे फ्लेक्स, कटिंग आणि दिवे या तिन्हींवर तो कसा उतरतो हे जवळून पाहता आले. इंग्रजी मजकुरापुरता हा फॉन्ट अव्वल आहे. मात्र कोल्हापुरातल्या दुकानाच्या पाटीचे निम्मेच काम तो करतो.

कोडमॅन३८ या नावाने काम करणाऱ्या कलाकाराने १९८०च्या दशकातल्या नामको कंपनीच्या आर्केड खेळांतील, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील, अक्षरांवरून हा फॉन्ट घडवला. प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत बसते. संगणकाच्या स्मृतीत एका ठिपक्याला एक बिट पुरतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणजे एका ओळीला एक बाइट या हिशेबाने अख्खे अक्षर ८ बाइटमध्ये मावत असे, आणि स्मृती महाग असलेल्या त्या काळात हा हिशेब मोलाचा होता. अक्षरांच्या उभ्या रेघा दोन ठिपके जाड आहेत, तर आडव्या एकच ठिपका. त्या वेळच्या काचेच्या पडद्यांवर एक ठिपका रुंदीची उभी रेघ फिकी पडत असे, म्हणून ही जाडी आली. आज तिची गरज उरलेली नाही, तरीही या वळणाचा भारदस्तपणा तिच्यातूनच येतो.

शून्य मोठे करून अवश्य पाहावे. 'ओ' हे अक्षर पेटीसारखे चौकोनी आहे, तर शून्य किंचित तिरके, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली बारीक होत गेलेले. इतक्या तुटपुंज्या जागेत दोन्ही आकार एका नजरेत वेगळे ओळखू येतात, हे कौशल्य मला फार मोठे वाटते. पण नेमक्या याच शून्याने रेडियमच्या कामात त्रास दिला. त्या दोन्ही बारीक जागी ठिपके एकमेकांना फक्त कोपऱ्याने टेकतात. कटिंग प्लॉटरवर, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या यंत्रावर, तिथे स्टिकरला धरून ठेवायला काही उरत नाही आणि नको असलेला भाग सोलताना टोक उचलले जाते. असे कोपरे फाइलमध्येच थोडे जोडून घेतलेले बरे.

आकाराच्या बाबतीत हा फॉन्ट हट्टी आहे आणि तो हट्ट पाळावाच लागतो. पडद्यावर ८, १६, २४ असे आठाच्या पटीतले पिक्सेलच घ्यावेत. १३ किंवा १८ घेतले की कडा धुरकट होतात. फ्लेक्सवर मात्र ही अडचण नाही, कारण फाइलमध्ये अक्षरे बाह्यरेषांच्या रूपात असतात आणि कितीही मोठी केली तरी कोपरे धारदार राहतात. सर्वांत सुरेख तो दिसला तो एलईडी पट्टीवर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पी-१० पॅनेलवर आडवे ३२ आणि उभे १६ दिवे असतात, म्हणजे एका ओळीत चार अक्षरे आणि अशा दोन ओळी अगदी तंतोतंत बसतात. एकही दिवा वाया जात नाही.

आता मराठीविषयी. या फॉन्टमध्ये लॅटिन, ग्रीक आणि सिरिलिक लिपी आहेत, देवनागरी नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाटीवर देवनागरीत मराठी नाव बंधनकारक आहे आणि ती अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. कॅफेच्या मालकांना तर नावाखाली 'नाद खुळा' हे शब्दही याच थाटात हवे होते. ते ठिपक्यांत काढायला बसल्यावर अडचणीचे मूळ दिसले. इंग्रजी अक्षरानंतर एक रिकामा स्तंभ सुटतो आणि त्यामुळेच अक्षरे सुटसुटीत वाचता येतात; देवनागरीत शिरोरेषेला नेमका तोच स्तंभ ओलांडून पुढे जावे लागते. शिवाय 'खु'चा उकार खाली दोन-तीन ओळी मागतो, वेलांटी आणि मात्रा वर चार ओळी मागतात, म्हणजे आठ ओळींत अक्षराच्या अंगासाठी जवळपास काहीच उरत नाही. 'ळ'च्या दोन्ही पोटांत पोकळी ठेवायची तर त्याला रुंदीही जास्त लागते. शेवटी वर चार, शिरोरेषेची एक, अंगाच्या आठ आणि खाली तीन अशा सोळा ओळींवर मी ती अक्षरे हाताने काढली. ठिपक्याचा आकार दोन्ही लिपींत एकच ठेवला, कारण इंग्रजी दुप्पट मोठे करून उंची जुळवली असती तर एकाच पाटीवर बारीक आणि ढोबळ ठिपके शेजारी आले असते आणि सगळी शिस्त बिघडली असती. मराठी साहजिकच मोठे झाले, ते नियमालाही धरून आहे आणि डोळ्यांनाही बरे वाटते.

सलग मजकुरासाठी मात्र हा फॉन्ट घेऊ नये. सगळी अक्षरे सारख्याच रुंदीची असल्याने चार-पाच शब्दांपुढे ओळ लांबत जाते, आणि दुसरे वजन, म्हणजे जाड किंवा बारीक रूप, उपलब्ध नसल्याने मथळा व तपशील यांत फरक करता येत नाही. कॅफेचे दरपत्रक मी व्हीटी३२३ या फॉन्टमध्ये लावले. तो जुन्या संगणक टर्मिनलच्या वळणाचा, अरुंद आणि वाचायला सोपा आहे. दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याखाली असल्याने व्यावसायिक कामाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. देवनागरीची सोळा ओळींची जाळी काढायला लागणारा वेळ मात्र गिऱ्हाइकाला दर सांगतानाच हिशेबात धरावा.