पंचविशीतली गाठ: 'महिला आरोग्य पॅकेज' घ्यावं की ब्रेस्ट क्लिनिक गाठावं?

लॅबच्या महिला पॅकेजमध्ये हल्ली रक्ताच्या चाचण्यांसोबत मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) असते, कुठे थर्मल कॅमेऱ्याची तपासणीही असते. चाळिशीनंतर, काही तक्रार नसताना, त्यातली मॅमोग्राफी उपयोगाची आहे. पण पंचविशीतल्या मुलीला स्तनात गाठ लागली असेल, तर हे पॅकेज तिच्या कामाचं नाही. बुकिंगच्या पानावर हे ठळक लिहिलेलं असायला हवं.

तरुण स्तनात ग्रंथींचा भाग जास्त, चरबी कमी. मॅमोग्राफीत ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती झाकली जाते. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, गाठ आहे तिथेच राहते. म्हणून तिशीच्या आत आधी सोनोग्राफी करतात. तिच्यात क्ष-किरण नाहीत, गरोदरपणीही ती चालते, आणि गाठ भरीव की पाण्याची हे तिथल्या तिथे कळतं. थर्मल कॅमेरा फक्त त्वचेची उष्णता टिपतो. तो रिपोर्ट चांगला आला म्हणून सोनोग्राफी टाळू नका.

ब्रेस्ट क्लिनिकमध्ये काम तीन टप्प्यांत होतं: सर्जनने हाताने तपासणं, सोनोग्राफी, आणि गरज वाटल्यास सुईने तुकडा काढणं (बायॉप्सी). सर्जनने दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा बघायलाच हव्यात. सोनोग्राफीच्या वेळी गाठ कुठे लागते ते स्वतः बोटाने दाखवा. रिपोर्टमध्ये गाठीचं माप मिलिमीटरमध्ये, घड्याळाच्या आकड्यानुसार जागा, स्तनाग्रापासूनचं अंतर आणि बायरॅड्स आकडा (गाठ किती संशयास्पद, हे सांगणारा), एवढं हवंच. माप नसेल तर सहा महिन्यांनी गाठ वाढली की नाही, हे कशाशी ताडून बघणार? बायरॅड्स २ म्हणजे साधी, कर्करोगाची नसलेली गाठ. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत. बहुधा ६ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. ४ किंवा ५ असेल तर बायॉप्सी लांबवू नये.

सुईतही फरक आहे. एफएनएसीच्या बारीक सुईत सुट्या पेशी येतात. फायब्रोअ‍ॅडेनोमा (साधी गाठ) आणि फायलोड्स (भराभर वाढू शकणारी, कधी कर्करोगाचीही) या दोन गाठी त्यावरून वेगळ्या ओळखणं अवघड. जाड सुईच्या कोअर बायॉप्सीत पेशीजालाचा तुकडाच मिळतो. जागा बधिर करतात, छोटासा छेद घेतात, यंत्राचा 'टक्' आवाज होतो (तो आधी सांगणारा डॉक्टर चांगला, नाहीतर मुलगी दचकते). नंतर जागा दाबून धरतात. थोडं काळंनिळं पडतं, ते ओसरतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

या वयात बहुतेक गाठी साध्याच निघतात, सगळ्यात जास्त फायब्रोअ‍ॅडेनोमा: गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून सटकणारी. तपासणीत तीच ठरली आणि लहान असेल, तर काढलीच पाहिजे असं नाही. ती भराभर वाढत असेल, बरीच मोठी असेल किंवा बायॉप्सीत शंका उरली असेल, तर काढणं योग्य. पहिल्याच भेटीत, सुईविना, 'उद्या ऑपरेशन' म्हणणारा सल्ला दुसऱ्या सर्जनला दाखवा.

पाळीआधी लागलेली मऊ, दुखरी गाठ पाळीनंतर पुन्हा चाचपून पाहा. तेव्हाही असेल तर दाखवा. कडक, एका जागी रुतलेली गाठ, त्वचेला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, नव्याने आत ओढलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त, काखेत गाठ, यांपैकी काही दिसलं तर पाळीची वाट बघू नका. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाजणं सहसा थांबवावं लागत नाही. औषधाने उतार पडला नाही तर सोनोग्राफी मागा.

घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला होता, हे विचारल्यावर आई, बहीण, मावशीसोबत आत्या आणि वडिलांची आईही सांगा. जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो. सरकारी केंद्रातली नेहमीची तपासणी ३० वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी आहे, पण स्तनात गाठ लागली असेल तर ही वयाची अट आड येत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत जा, जुने रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत ठेवा.