दांडगा हात की सरळ हात? कॉलेजचा क्यूबी निवडताना

एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगचा, ड्राफ्ट झाला (टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलतात तो) की आमच्या फॅन्टसी लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी तेच सुरू होतं, कोणता क्यूबी, म्हणजे पास फेकणारा क्वार्टरबॅक, घेऊ. फॅन्टसी म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कागदी टीम करायच्या आणि त्यांच्या मॅचमधल्या आकड्यांवर पॉइंट मिळवायचे. आम्ही बारा जण, सगळे ओहायोतल्या कोलंबसमधले, बहुतेक पुण्या-नाशिककडचे, डायनेस्टी सुपरफ्लेक्स खेळतो, म्हणजे दोन क्यूबी उतरवता येतात आणि पोरगा एकदा घेतला की घेतला, पुढची पाच-सात वर्षं तो आपल्या गळ्यात. यंदा नवीन आलेल्या एकाने मला बाजूला मेसेज करून विचारलं की दादा, नक्की बघायचं काय असतं, आणि मी त्याला तीन ओळींत उत्तर द्यायला बसलो त्याचं हे एवढं झालं.

स्नॅप, सॅक, पॉकेट वगैरे माहितीये असं धरून चालतो. उंची, वजन, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतो हेही लिहीत नाही, ते तुम्हाला कुठेही मिळेल.

माझ्या हिशेबाने सगळी गाळणी झाल्यावर दर वर्षी दोनच प्रकारची पोरं उरतात. एक दांडगा हात, म्हणजे बैलासारखा धिप्पाड, साठ-पासष्ट यार्ड चेंडू सहज फेकतो, पळायला लागला की अडवायला आलेले लाइनबॅकर आपटत राहतात, पण कॉलेजात फार खेळलेला नसतो आणि जे खेळलाय त्यातही आकडे यथातथाच. दुसरा सरळ हात, दिसायला साधा, व्हिडिओ बघून कोणी शिट्टी मारणार नाही, पण चेंडू जिथे जायला हवा तिथे जातो. लोक म्हणतात दोन्ही असलेला घ्या की. अहो, तसा असला तर तो पहिला पिक असतो, म्हणजे निवडीच्या पहिल्या पाळीलाच जातो, आणि तो पिक तुमच्याकडे नसतो.

२०२३ ला माझ्यापुढे नेमकी हीच जोडी आली, फ्लोरिडा कॉलेजचा अँथनी रिचर्डसन आणि आमच्या कोलंबसच्याच ओहायो स्टेटचा सी. जे. स्ट्राउड.

आज हे सोपं वाटतं पण तेव्हा अजिबात नव्हतं. फॅन्टसीवाल्यांत तर रिचर्डसन पुढेच होता, बऱ्याच ठिकाणी स्ट्राउडच्या आधी जात होता, आणि त्यात वेडेपणा काही नव्हता. कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, २४४ पौंडांचा हा माणूस ४.४३ सेकंदांत पळाला, जागेवरून उडी मारली ४०.५ इंच, तोवर कुठल्या क्यूबीने तिथे एवढी उडी मारली नव्हती. आपल्या लीगमध्ये पासच्या टचडाऊनला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार गेला की, चार पॉइंट आणि पळून केलेल्याला सहा, त्यामुळे असला पळणारा क्यूबी म्हणजे एका पगारात दोन माणसं. वर त्याला घेतलं इंडियानापोलिसने, चौथ्या नंबरवर, आणि तिथला हेड कोच शेन स्टायकन हा आधी फिलाडेल्फियात जेलन हर्ट्स या तसल्याच पळणाऱ्या क्यूबीबरोबर काम करून आलेला. आता याहून चांगलं सासर कुठलं मिळणार, असं सगळेच म्हणत होते, मीही म्हणालो होतो.

स्ट्राउडचं उलटं. दोन सीझनमध्ये ८५ टचडाऊन पास आणि फक्त १२ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले पास, पण त्याबद्दल कोणाला काही कौतुकच नाही. का, तर पास पकडणारे रिसिव्हर बघा ना: गॅरेट विल्सन, क्रिस ओलावे, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर, चौघंही पहिल्या राउंडमध्ये गेलेले. असले चौघं असतील तर माझी आजीसुद्धा टचडाऊन फेकेल, हे वाक्य मी त्या वर्षी किमान दहा वेळा ऐकलं. शिवाय ओहायो स्टेटचे क्यूबी वर, एनएफएलमध्ये, जाऊन चालत नाहीत हा शिक्का होताच. त्यात ड्राफ्टच्या तोंडावर कुठल्यातरी कॉग्निटिव्ह टेस्टचा त्याचा स्कोअर बाहेर फुटला, तो फारच कमी, मग तर विचारूच नका.

आकड्यांबद्दलची ही शंका तशी रास्त आहे, ती मीही मानतो. टेक्सस टेकमध्ये बी. जे. सायमन्सने २००३ च्या एका सीझनमध्ये ५,८३३ यार्ड फेकले होते, एनएफएलमध्ये त्याला सातव्या राउंडमध्ये घेतलं आणि तिथे त्याला एक पासही फेकायला मिळाला नाही. सिस्टीमच अशी की कोणीही फेकेल. आणि त्याच कॉलेजातून, तसल्याच सिस्टीममधून पुढे एनएफएलचा सुपरस्टार क्यूबी पॅट्रिक महोम्स आला! तेव्हा नुसता ढीग बघून काही कळत नाही, ढिगात काय आहे ते उपसून बघावं लागतं.

आता माझं कुठे अडलं ते सांगतो.

मला लांबच्या पासचं फारसं काही वाटत नाही. पन्नास यार्डांवरचा चुकला तर चुकला, महोम्सचाही चुकतो. माझं डोकं फिरतं ते सोप्या पासवर. थर्ड अँड फोर आहे, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि चार यार्ड हवेत, रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन पळणारा) बाजूला निघालाय, आसपास काळं कुत्रं नाही, पाच यार्डांवर उभा राहून हात पुढे करतोय, आणि आपला हिरो तिथे चेंडू त्याच्या घोट्यावर मारतो. किंवा अर्धा यार्ड मागे. टीव्हीवरचा माणूस म्हणतो, अरेरे थोडक्यात हुकला, आणि लगेच मागच्या ड्राइव्हचा त्याचा साठ यार्डांचा पास परत दाखवतात. लग्नाची बासुंदी फर्मास करतो पण रोजचा कुकर लावता येत नाही, असा आचारी घरी ठेवून करायचं काय.

त्या २०२२ च्या सीझनला मी एक उद्योग केला होता, शास्त्रीय वगैरे काही नाही, बायको हसत होती. शनिवारी मॅच बघताना विजेच्या बिलाच्या पाकिटाच्या मागे खुणा करायचो. दहा यार्डांच्या आतला, रिसिव्हर मोकळा, क्यूबीच्या अंगावर कोणी आलेलं नाही, असाच पास मोजायचा, बाकी सोडून द्यायचे. छातीवर आला तर उभी रेघ, रिसिव्हरला वाकावं, उडावं किंवा मागे वळावं लागलं तर फुली. कॅच झाला की नाही याच्याशी संबंध नाही बरं का, घोट्यावरचा चेंडू चांगला रिसिव्हर उचलतोच, पण उचलता उचलता तो खाली बसतो आणि पुढचे सात-आठ यार्ड तिथेच जातात. स्ट्राउडच्या पाकिटावर रेघाच रेघा, मध्ये कुठेतरी एखादी फुली. रिचर्डसनच्या मॅचला फुल्या इतक्या झाल्या की एकदा तिसऱ्या क्वार्टरला मी पेन ठेवून दिलं. त्याचा त्या सीझनचा अधिकृत आकडाही, म्हणजे फेकलेल्यांपैकी किती पास पकडले गेले तो, ५३.८ टक्केच होता, आणि कॉलेजात त्याने एकूण १३ मॅच सुरू केल्या होत्या, म्हणजे पाकीट काही फार खोटं बोलत नव्हतं.

बरं यावर समोरून एकच उत्तर येतं, दर वर्षी, न चुकता: जोश ॲलन. वायोमिंगमध्ये ५६ टक्क्यांवर अडकलेला, बफेलोने २०१८ ला सातव्या नंबरवर घेतला, पहिल्या वर्षी ५२.८, आणि २०२० मध्ये एकदम ६९.२, पुढे २०२४ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. खरंय, नाकारता येत नाही. पण शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून आपण दर महिन्याला तिकीट काढत बसतो ना, तसं झालंय ते. ॲलनचं नाव सांगून किती पोरं खपवली गेली याचा कोणी हिशेब ठेवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ ला तिसऱ्या नंबरवर जाण्यासाठी पहिल्या राउंडचे पिक ओतून ट्रे लान्सला घेतलं, कॉलेजात त्याने सगळे मिळून ३१८ पास फेकलेले, आणि दोन वर्षांत त्याला चौथ्या राउंडच्या एका पिकवर डॅलसला देऊन टाकलं. त्याच टीममध्ये गाडी कोणी ओढली, तर ब्रॉक पर्डीने, २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. आयोवा स्टेटला चार वर्षं खेळून आलेला, साधा, सरळ हात.

सोपा पास वर जाऊन का सुधारत नाही याचं मला वाटणारं कारण असं की ते हाताचं दुखणं नसतंच, पायाचं असतं. चेंडू सुटताना पुढचा पाय कुठे टेकतो, कंबर कधी वळते, ही सवय बावीस वर्षांच्या अंगात मुरलेली असते. ती मोडून नवी बसवायला हजारो रेपेटिशन लागतात आणि सीझन सुरू झाला की प्रॅक्टिसमधले सगळे रेप त्या आठवड्याच्या मॅचच्या तयारीला जातात. ॲलनने ते सुट्टीत स्वतः पैसे आणि घाम घालून केलं. प्रत्येकजण करेल? असेलही एखादा.

आणि स्ट्राउडबद्दल जी शेवटची शंका होती, की पॉकेट, म्हणजे त्याच्याभोवतीचं संरक्षणाचं कडं, मोडलं की हा काय करणार, ती एका रात्रीत गेली. ३१ डिसेंबर २०२२, पीच बोल, म्हणजे कॉलेज चॅम्पियनशिपची सेमीफायनल, समोर जॉर्जिया. आमच्या मंडळाचा थर्टी फर्स्ट होता, एका घराच्या बेसमेंटमध्ये, पोरं धिंगाणा घालतायत, पावभाजीचा तवा चालू, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीचा आवाज बंद करून आम्ही सात-आठ जण उभे. जॉर्जियाची डिफेन्स म्हणजे त्या काळात नुसता काळ होता, नंतर फायनलला त्यांनी टीसीयूला ६५-७ ने चिरडलं. त्यांच्यासमोर स्ट्राउड ३४८ यार्ड आणि चार टचडाऊन. स्मिथ-एन्जिग्बा नव्हताच, हॅरिसन तिसऱ्या क्वार्टरमध्ये जखमी होऊन बाहेर. तेच ते, माझी आजीसुद्धा फेकेल वाले रिसिव्हर. शेवटच्या ड्राइव्हला तर, जो पळत नाही म्हणून दोन वर्षं शिव्या खाल्ल्या, तो २७ यार्ड पळाला. मग फील्ड गोलची किक डावीकडे गेली, ४२-४१ ने हरलो, बरोब्बर त्याच मिनिटाला बारा वाजले आणि मागे सगळे हॅपी न्यू इयर ओरडायला लागले. इतकं सुतकी हॅपी न्यू इयर मी आयुष्यात कोणाला म्हटलं नाहीये.

तर मे महिन्यात मी स्ट्राउड घेतला. घरचा म्हणून घेतला असं ग्रुपवर अजून म्हणतात, म्हणू देत, थोडं खरंही असेल. रिचर्डसन माझ्या आधीच्याने नेला होता आणि पहिला महिना त्याने मला जगू दिलं नाही, कारण रिचर्डसनने चार मॅचमध्ये पळून चार टचडाऊन केले. मग पाचव्या आठवड्यात खांदा गेला, सीझन संपला. स्ट्राउड त्या वर्षी ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन, ५ इंटरसेप्शन. नोव्हेंबरमध्ये टँपा बेविरुद्ध ४७० यार्ड आणि पाच टचडाऊन फेकले तेव्हा मी ग्रुपवर फक्त विजेच्या बिलाच्या पाकिटाचा फोटो टाकला.

दुखापत हा नशिबाचा भाग, तो मी मोजत नाही. पण २०२४ ला रिचर्डसन बऱ्यापैकी मॅच खेळला आणि आकडा काय, ४७.७ टक्के. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध एका प्लेला दमलो म्हणून बाहेर गेला त्याचा फार गाजावाजा झाला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याला बसवून एकोणचाळीस वर्षांच्या जो फ्लॅकोला उतरवलं. मला ते दमण्याचं तेवढं नाही वाटलं, त्या अंगाने पळतो, माणूस दमेल. मला परत परत दिसत होता तो घोट्यावरचा चेंडू.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. सरळ हात म्हणजे विमा नाही. मॅक जोन्स ॲलाबामात ७७ टक्के फेकून आला, पहिलं वर्ष छान, मग न्यू इंग्लंडमध्ये जागा गेली. त्याच्याकडे चेंडू जोरात मारायची सोयच नव्हती, समोरच्यांनी छोटे पास दाबून धरले की संपलं. माझा स्ट्राउडही २०२४ मध्ये ५२ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकायच्या आत आपटला गेला, आणि आकडे बरेच उतरले, त्या हिवाळ्यात मी ग्रुपवर फार बोलत नव्हतो. त्यामुळे हात अगदीच लुळा नको, बाजूच्या रेषेपर्यंत चेंडू ताठ जातो का तेवढं बघाच.

आणि टीमचं नशीब असतंच. अमोल मुझुमदार रणजी पदार्पणात २६० करून बसला आणि भारताकडून एक मॅच नाही, कारण वर जागाच रिकामी नव्हती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. क्यूबीचं तर त्याहून वाईट, अकरापैकी एकच जागा आणि त्या जागेवर कोच तीन वर्षांत दोनदा बदलणार. पण ते तुमच्या-माझ्या हातात नाही, पाकिटावर रेघा मारणं आहे. टेस्टच्या स्कोअरवर तर अजिबात जाऊ नका, त्या वर्षी ज्याच्या स्कोअरचं फार कौतुक झालं तो पहिला पिक ब्राइस यंग २०२४ ला दोन मॅचनंतर बेंचवर होता, आणि ज्याचा फुटला तो स्ट्राउड रुकी ऑफ द इयर, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा.

तेव्हा मित्रा, तुझ्याकडे दुसरा-तिसरा पिक असेल आणि दोन्ही प्रकारचे बाकी असतील तर मी तरी सरळ हातवाला घेईन, निदान तीस मॅच सुरू केलेला, आणि हायलाइट न बघता त्याच्या दोन अख्ख्या मॅच बघून, त्यातली एक हरलेली. पिक आठवा-नववा असेल आणि ते संपले असतील तर खुशाल दांडगा घे, तिथे गमावण्यासारखं काही नसतं. मीही गेल्या वर्षी घेतलाय एक, नाव नाही सांगत. साठ यार्ड फेकतो, बेंचवर बसलाय, आणि ट्रेड हवा असेल तर आपण बोलू.