इंजिन न उचलताच बेड बदलल्याचे १,१०,००० घेतले

मिस्त्रीशी ठरलेली एकूण रक्कम २,५२,०००. त्यातले १,७५,००० आगाऊ गेले, उरलेले ७७,००० बोट पाण्यात उतरवायच्या दिवशी रोख. बिल साध्या कागदावर. जुन्या लाकडी ट्रॉलरच्या इंजिन रूमचं काम होतं: इंजिन उचलून सागवानी बेड, म्हणजे इंजिन बसतं ती लाकडी बैठक, बदलणं १,१०,०००, इंजिन थंड ठेवणारा हीट एक्स्चेंजर ३२,०००, ग्लँड पॅकिंग (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणाऱ्या कड्या) आणि शाफ्टचं अलाइनमेंट, म्हणजे तो इंजिनच्या रेषेत आणणं, १८,५००, वायरिंग ४१,०००, तळात साचलेलं पाणी उपसणारे दोन बिल्ज पंप २३,५००, रंग २७,०००. यातलं पूर्ण झालेलं काम एकच, रंगाचं. तेही तेलकट लाकडावर मारलेलं, पंधरा दिवसांत पापुद्रे सुटले.

चोरी डोळ्यांसमोर होती. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट पाइपला उष्णता अडवायला गुंडाळलेली दोरी! बेड बदलायचा तर इंजिन चेन पुलीने वर घ्यावं लागतं, त्याआधी एक्झॉस्ट सोडावा लागतो, आणि ती भाजून कडक झालेली दोरी सोडताना तुटतेच. इथे दोरी जुनीच. तिच्यावरचा डिझेलचा काळा डाग तसाच, वरच्या तारेचा पीळ गंजून एकजीव झालेला. हे बोट उतरवायच्या आदल्या संध्याकाळी दिसलं होतं. दिसलं, आणि खालचा चकचकीत करडा बेड बघून गप्प बसलो. तेव्हा इंजिन बेडला धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टला एक पाना लावून पाहिला असता तर निदान ७७,००० वाचले असते.

रोज जाऊन उभे का राहिला नाहीत, असं विचारणारे भेटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या ६१ दिवसांतच जाळी, परवाने, खलाशांची उचल, सगळं उरकायचं असतं. मिस्त्री मोजके, वर पाऊस. माणूसही अनोळखी नव्हता, शेजारच्या दोन बोटींचं काम त्याने चोख केलं होतं. मोबाइलवर फोटो यायचे: पुलीला लटकलेलं इंजिन, खाली नवं सागवान. ती बोट दुसऱ्याच कुणाची होती. जुनं लाकूड कुठे, तर म्हणाला भंगारात गेलं. लाकूड कधी भंगारात जातं का? जुनं लाकूड, जुने बोल्ट, जुनं पॅकिंग हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

बेड कुजतो तो खाऱ्या पाण्याने नाही, डेकवरून गळणाऱ्या पावसाच्या पाण्याने. ते बोल्टच्या भोकात साचतं, लोखंड गंजतं, भोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. यात पुट्टी भरून वर रंग दिला होता. टोचा घेऊन बोल्टच्या कडेला दाबा, हातोडीने ठोका. चांगलं लाकूड खणखणतं, कुजकं बद्द वाजतं. रंगाआधीच हे करा.

मासेमारीच्या तिसऱ्या फेरीत बोल्ट हलले, इंजिन आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग थरथरलं, ग्लँडमधून पाण्याची धार लागली. पॅकिंगच्या जुन्या कड्या न काढता वर एक नवी कोंबली होती. सगळ्या जुन्या काढायच्या, नव्या तिरक्या कापायच्या, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. शाफ्ट फिरताना ग्लँड थेंबथेंब गळलाच पाहिजे, नाहीतर पॅकिंग जळतं. आणि अलाइनमेंट जमिनीवर करून दिलं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. लाकडी बोट पाण्यात गेल्यावर आकार बदलते. दोन दिवस थांबून कपलिंगच्या चारही बाजूंना फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून परत बघायचं. १०० मिमी कपलिंगला ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

वायरिंगला घरातली वायर वापरली होती. सुरीने खरवडा: तांबं लाल दिसलं तर घरगुती, चंदेरी दिसलं तर बोटीला हवी ती कल्हईची. पाणी चढलं की बिल्ज पंप चालू करणारा फ्लोट स्विच मेन स्विचच्या पुढे जोडलेला, म्हणजे मेन बंद करून घरी गेलात की पंपही बंद. तो फ्यूज घालून थेट बॅटरीवर पाहिजे. होजच्या क्लिपांना लोहचुंबक लावा, पट्टी न गंजणाऱ्या स्टीलची आणि स्क्रू लोखंडी निघतो.

बंद पडलेली बोट ओढून आणायचे २२,०००, परत केलेल्या कामाचे १,९४,०००.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्याच्या बोटीचे फोटो दाखवून पैसे घेतले, यात दिवाणी काय आहे? तीन चकरांनंतर अर्जावर पोच मिळाली, गुन्हा नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात म्हणाले, आम्ही परवान्याचं बघतो, मिस्त्रीचं नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, बोट व्यावसायिक आहे, बसत नाही. हे खिडकीवर ठरत नाही! बोट स्वतः राबून पोट भरण्यासाठी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करून बघता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हे खिडकीतल्या माणसाला आपण सांगायचं! ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा.

बेडचा कापून काढलेला तुकडा गोणीत बांधून ठेवला आहे. त्यातला बोल्ट नुसत्या हाताने ओढला तरी बाहेर येतो.