चार दात काढायचे, पण कोणते?

माझ्या लेकीचे खालचे पुढचे दात फार दाटीवाटीने आले होते. एक आत जिभेकडे, तर शेजारचा सुळा पार बाहेर. आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे दोन मिनिटं तोंडात बघून सांगितलं, "चार दात काढावे लागतील, अॅडव्हान्स भरून जा." कोणते, कशासाठी, काही नाही. मी तशीच उठून आले.

मग इथल्या ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणाऱ्या) मॅडमकडे आलो. त्यांनी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला, दातांचे साचे घेतले. खालच्या साच्यावर पितळेची बारीक तार कमानीसारखी वाकवून ठेवली, ती सरळ करून पट्टीवर मोजली, मग एकेका दाताची रुंदी. जागा 6 मिमी कमी पडत होती.

पुढचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला. सुळ्यामागची छोटी दाढ साधारण 7 मिमीची. दोन्हीकडची एकेक काढली की 14 मिमी मोकळे होतात. त्यातले 6 दाटी सोडवण्यात जातील. उरलेल्या 8 चं काय? एकतर पुढचे दात मागे येणार, नाहीतर मागच्या दाढा पुढे सरकणार. सुळ्याला लागून असलेली छोटी दाढ काढली तर पुढचे दात जास्त मागे जातात. तिच्या मागची दुसरी छोटी दाढ काढली तर मोठ्या दाढा जास्त पुढे येतात. लेकीचे ओठ मुळातच बसके आहेत, आणखी आत गेले असते तर चेहरा चपटा दिसला असता. म्हणून त्यांनी मागची निवडली, वरच्या जबड्यातही तीच.

दात न काढता कमान रुंद करता येईल का, हेही मी विचारलं. खालच्या सुळ्यांमधलं अंतर ताणून वाढवलं तर ते बहुतेकदा पुन्हा आवळतं, म्हणाल्या.

एकूण 26 महिने लागले. खालच्या फटी वरच्यापेक्षा फार हळू बुजल्या, त्यात पोहे नि शेंगदाणे अडकायचे, पोर कंटाळून रडायची. मॅडमनी दर वेळी साचा समोर ठेवून किती सरकलं ते तिलाच दाखवलं. आता खालच्या सहा दातांमागे बारीक तार कायमची चिकटवली आहे. तिच्याखालून साफ करायचा छोटा ब्रश कसा फिरवायचा, हे तिच्याकडून तीनदा करून घेतलं.

शनिवारी मात्र नंबर असूनही तासभर बसावं लागतं. मधल्या वारची वेळ घ्या.