लायपोसक्शन: यंत्राचं नाव विचारण्याआधी पोटाला चिमटा काढून बघा

लायपोसक्शन म्हणजे त्वचेखाली नळी घालून चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया. तिची चौकशी करायला जावं तर समोर आधी यंत्रांची नावं येतात: व्हेझर, लेसर, पॉवर, वॉटर जेट. यंत्राचा प्रश्न खरं तर चौथा-पाचवा. नकोशी झालेली चरबी नळीला सापडेल अशा जागी आहे का, हा पहिला. त्याचं बरंचसं उत्तर घरी आरशासमोर मिळतं.

उभं राहून पोट सैल सोडा आणि बेंबीच्या बाजूला अंगठा आणि बोटं यांच्यात जाड चिमूट धरा. चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. लायपोसक्शन फक्त हीच काढतं. पोट पुढे आलंय, हाताला घट्ट लागतंय, पण चिमटीत फारसं काही येत नाही, तर चरबी स्नायूंच्या भिंतीमागे, आतड्यांभोवती आहे. तिथे नळी जाता कामा नये. ती चरबी वजन उतरलं की उतरते. आता चिमूट सोडा. कातडी झटकन सपाट झाली तर उत्तम. सुरकुती रेंगाळली तर चरबी काढल्यावर कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबण्याची शक्यता मोठी. शेवटी उताणं पडून डोकं थोडं उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला तर स्नायू फाकलेले असू शकतात. बाळंतपणानंतर हे बऱ्याचदा दिसतं. तो दोष चरबी ओढून जात नाही, त्यासाठी टमी टक, म्हणजे जादा कातडी काढून स्नायू शिवून जवळ आणण्याची शस्त्रक्रिया लागते. पोटावर नळी फिरवायची तर हर्निया नाही याची खात्री आधी हवीच. शंका असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

वजनकाट्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये. एक लिटर चरबी म्हणजे जेमतेम 900 ग्रॅम. शिवाय नळीने ओढलेलं बरणीत जमतं ते सगळं चरबी नसतं. बरणी थोडा वेळ ठेवली की पिवळी चरबी वर तरंगते आणि लालसर पाणी खाली बसतं. म्हणून ‘चार लिटर काढले’ असं कुणी सांगितलं तर त्यातली चरबी किती, हे विचारावं. मधुमेह किंवा रक्तदाब सुधारेल ही आशाही फोल आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 स्थूल स्त्रियांची प्रत्येकी सुमारे 10 किलो चरबी काढली होती. 10 ते 12 आठवड्यांनी इन्सुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काही फरक पडला नाही. आमच्या मते योग्य उमेदवार म्हणजे वजन निदान सहा महिने स्थिर असलेला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 30 च्या आत असलेला, आणि कंबरेच्या वळ्या, मांडीचा बाहेरचा फुगवटा किंवा हनुवटीखालची गादी अशी एखादी जागा व्यायामाला दाद देत नाही म्हणून आलेला माणूस.

या शस्त्रक्रियेचा खरा कणा यंत्र नाही, त्याआधी आत सोडलं जाणारं पाणी आहे. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये मांडलेली ही ट्युमेसंट पद्धत. एक लिटर सलाइनमध्ये साधारण 500 ते 1000 मिलिग्रॅम लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध), सुमारे 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन आणि थोडा सोडा बायकार्ब. हे द्रावण सोडलं की जागा टरारून फुगते, रक्तवाहिन्या आक्रसतात आणि कातडी पांढुरकी पडते. ती पांढुरकी पडेपर्यंत थांबायचं असतं, घाई केली की रक्त जास्त जातं. पूर्वीच्या कोरड्या पद्धतीत बाहेर येणाऱ्या द्रवाचा पाव ते निम्मा भाग रक्त असायचं, आता ते एखाद्या टक्क्यावर आलंय.

पण याच पाण्यात एक हिशेब दडलेला आहे. या पद्धतीत लिग्नोकेनची सावध मर्यादा किलोमागे 35 मिलिग्रॅम, आणि मार्गदर्शक तत्त्वांतली वरची सीमा 55. म्हणजे 60 किलोच्या माणसाला सावध हिशेबाने 2100 मिलिग्रॅम. लिटरमागे 500 मिलिग्रॅम असेल तर चार लिटर द्रावणात कोटा संपला. पोट, कंबर, मांड्या, दंड असं सगळं एकाच दिवशी उरकण्याचा बेत इथेच अडतो. दुसरी गोष्ट, रक्तातलं लिग्नोकेन सर्वांत वर जातं ते बऱ्याचदा 12 तासांच्या आसपास. तोवर माणूस घरी पोचलेला असतो. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात घणघण, जड गुंगी असं काही झालं तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं. पहिल्या रात्री सोबत कुणीतरी जागं हवं, ते यासाठी.

आता यंत्रं. साध्या पद्धतीत सर्जन 3-4 मिलिमीटरची बोथट नळी हाताने मागेपुढे करतो. जुनी पद्धत आहे, पण हात चांगला असेल तर आजही कुठे कमी पडत नाही. पॉवरमध्ये नळीचं टोक स्वतःच मिनिटाला हजारो वेळा हलतं. सर्जनचा हात कमी दमतो, म्हणून मोठ्या जागेवर काम एकसारखं होतं. आमची पसंती बहुतेक वेळा हिलाच. व्हेझर ध्वनिलहरींनी चरबी आधी सैल करतं, मग ती ओढली जाते. पाठ, पुरुषांची छाती किंवा एकदा नळी फिरून गेलेली जागा अशा चिवट ठिकाणी ते खरंच उपयोगी. मात्र त्याची दांडी गरम होते. ती एका जागी थांबली किंवा आतून कातडीला टेकली की भाजतं, आणि नंतर पाणी साचण्याचा त्रासही जास्त दिसतो. (पुरुषांच्या छातीत ग्रंथी असेल तर ती कापूनच काढावी लागते, कोणतंही यंत्र असो.) लेसर आणि रेडिओफ्रीक्वेन्सीवाले कातडी आवळण्याचं आश्वासन देतात. थोडी आवळते. लोंबणारी कातडी त्याने जागेवर येत नाही, आणि भाजण्याचा धोका इथेही आहेच. वॉटर जेट ठीक, त्याच्यासाठी मुद्दाम जास्त पैसे मोजावेत असं काही नाही.

यंत्र कुठलंही असो, सर्वांत जास्त दिसणारी तक्रार खड्डे आणि उंचवट्यांची. हावरेपणाने कातडीच्या अगदी जवळची चरबी ओढली की ती घडते. साधारण सेंटिमीटरभर थर मागे ठेवायचा असतो. एकाच छिद्रातून सगळं काम केलं की चर पडतात, म्हणून दोन बाजूंनी आडव्या-उभ्या रेषांत नळी फिरवतात. नितंबाखालची घडी, मांडीच्या आतल्या बाजूचा मध्यभाग अशा काही जागी कातडी आत घट्ट चिकटलेली असते. तिथे हात लावला की खड्डा पडलाच म्हणून समजा. तुमच्या अंगावर अशा जागा कुठे आहेत हे सर्जनने तुम्हाला उभं करून पेनने खुणा करताना दाखवायला हवं. खुणा आडवं झोपवून करणाऱ्याकडे परत जाऊ नये.

बाहेर ओढला जाणारा एकूण द्रव पाच लिटरच्या वर जाणार असेल तर हॉस्पिटलमध्ये रात्रभर देखरेख हवी. भूलतज्ज्ञ कोण, गरज पडली तर आयसीयू किती लांब, हेही सर्जनला आधीच विचारा. उत्तर देताना कुणी चिडलं तर तेही उत्तरच आहे. तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, फिश ऑइलसुद्धा, सगळं सांगा, पण परस्पर बंद काही करू नका.

पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून गुलाबी पाणी गळतं. गादीवर प्लॅस्टिक आणि जुना टॉवेल अंथरावा, घाबरू नये. घट्ट कॉम्प्रेशन गारमेंट, म्हणजे अंगाला दाबून धरणारा कपडा, चार ते सहा आठवडे. त्याला घडी पडू देऊ नका, घडी पडली तिथे कातडीवर कायमची रेघ उठू शकते. चालणं त्याच दिवसापासून, कारण पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होणं हा जिवावरचा धोका. एकच पोटरी सुजून दुखली, दम लागला, पोट कडक होऊन उलट्या झाल्या, किंवा तापासोबत दुखणं तासातासाला वाढत गेलं, तर फोनवर सल्ला घेत बसायचं नाही.

शस्त्रक्रिया नकोच असेल तर चरबी गोठवण्याचा पर्याय आहे. चिमटीत येणाऱ्या छोट्या जागेतला थर एका वेळेला साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी होतो, आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. क्वचित उलटंच होतं. गोठवलेल्या जागी चरबीचा टणक गोळा वाढतो, आणि तो काढायला मग लायपोसक्शनच करावं लागतं.

लायपोसक्शननंतरही आकार लगेच दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात सूज, बधिरपणा आणि हाताला लागणारे टणक गोळे बघून अनेक जण काम बिघडलं असं ठरवतात. हे गोळे हळूहळू विरघळतात. अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो. सुधारणेसाठी पुन्हा नळी घालायची असेल तर सहा महिन्यांच्या आत कुणी तयार होत असेल, त्याला नाही म्हणावं.