टॅली क्लाउडवर, नऊ महिन्यांनी: हिशोब जमला, बिल छापताना मात्र घाम

ऑफिसचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या दूरच्या विंडोज सर्व्हरवर हलवलं; आपल्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपने त्याची स्क्रीन उघडून काम करायचं. मग एका सोमवारी सकाळी साडेनऊला पाचही स्क्रीनवर एकच निरोप: परवाना द्यायला रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही, म्हणून सेशन बंद. टॅली ठीक, नेट ठीक, सर्व्हर चालू, महिन्याचं बिल भरलेलं. फक्त सेटअप होऊन १२० दिवस उलटले होते.

ज्यांना हे आधीच ठाऊक आहे ते इथे हसतील. विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोघांनाच बसता येतं, तेही देखभालीच्या कामासाठी. तिसरा माणूस बसवायचा तर रिमोट डेस्कटॉपचा रोल (जास्त माणसं बसवणारा विंडोजचा भाग) टाकावा लागतो. तो टाकला की १२० दिवस सगळं विनातक्रार चालतं आणि मग वेगळे परवाने नसतील तर थांबतं. सेटअप करून देणाऱ्याने कोटेशनमध्ये सर्व्हर, टॅली गोल्ड (अनेकांनी एकत्र वापरायचं टॅली) आणि बॅकअप एवढंच लिहिलं होतं. परवान्याच्या ओळीचा पत्ता नव्हता. फोनवर उत्तर मिळालं, "ते तर वेगळं असतंच." असतं, तर लिहायचं होतं.

त्या दिवशी काम रेटायचं असेल तर रिमोट डेस्कटॉप स्लॅश-अॅडमिन (/admin) ही खूण जोडून उघडतो, पण दोघांपुरताच. कायमचा उपाय करताना आणखी एक खड्डा आहे. क्लाउडच्या सामायिक मशीनसाठी सॉफ्टवेअर अॅश्युरन्स (मायक्रोसॉफ्टची जादा पैशांची योजना) असलेले युझर परवाने घ्या किंवा सेवादात्याकडून मासिक भाड्याने घ्या. मात्र सर्व्हर नुसत्या वर्कग्रुपमध्ये असेल, तर २०१९ आणि पुढच्या विंडोज सर्व्हरवर युझर परवाना असूनही "६० मिनिटांत सेशन तुटेल" अशी सूचना येते आणि ते खरंच तुटतं. म्हणजे अॅक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेनही (सगळ्या वापरकर्त्यांची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) उभं करायचं आलं. पाच माणसांच्या ऑफिसला हे जड जातं. म्हणून कोटेशनवर तीन गोष्टी लेखी घ्या: परवाने कोणत्या प्रकारचे, किती, आणि डोमेन कोण बसवणार.

सेटअप असा आहे: टॅलीप्राइम गोल्ड, एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचा मुंबई रीजन (तिथले सर्व्हर), टी३ लार्ज आकाराचं मशीन (२ व्हीसीपीयू म्हणजे प्रोसेसर, ८ जीबी मेमरी), १०० जीबीची जीपी३ प्रकारची डिस्क, पाच वापरकर्ते. त्याहून लहान मीडियमवर (४ जीबी) भागेल असं वाटतं, पण विंडोज स्वतःच निम्मी मेमरी खातो आणि चौथा माणूस बसला की टॅली रखडतं. १०० जीबी डिस्कही गरजेपेक्षा जास्त निघाली. जीपी३ मागाहून वाढवता येते, कमी करता येत नाही. ६० जीबीपासून सुरुवात करा.

आता फायदा. सगळ्यात मोठा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात वाचायला मिळाला नाही. लॅनवरच्या (ऑफिसातल्या नेटवर्कवरच्या) मल्टियुझर टॅलीत प्रोग्रॅम आपल्या पीसीवर चालतो आणि डेटा नेटवर्कवरून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये लिहिला जातो. व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्ह होताना स्विच बंद पडला, यूपीएस गेला किंवा केबल हलली, की डेटा अर्धवट लिहिला जातो आणि संध्याकाळ रिपेअर करण्यात जाते. क्लाउडवर प्रोग्रॅम आणि डेटा एकाच मशीनवर असतात. तुमच्यापर्यंत येतं ते फक्त चित्र. नेट गेलं तर चित्र जातं, सेशन तिथे तसंच उघडं राहतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून परत जोडलं की अर्धवट टंकलेलं व्हाउचर जागच्या जागी सापडतं. नऊ महिन्यांत रिपेअर करावं लागलं एकदाच, आणि त्यात चूक आपलीच होती. ती पुढे सांगतो.

दुसरा फायदा कंपनी कायद्याचा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ च्या नियमबदलानंतर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक आहे. मुंबई रीजनमध्ये रोज रात्री डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत) लावला की हे काम आपोआप होतं. स्नॅपशॉटमध्ये पहिल्यानंतर फक्त बदललेला भाग साठवला जातो, त्यामुळे खर्च किरकोळ. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच दुकानातल्या पेनड्राइव्हवर होता त्यांना हे जास्त सांगायला नको.

एक बारीक सेटिंग मात्र हमखास राहून जातं. एडब्ल्यूएसचा विंडोज सर्व्हर यूटीसी वेळेवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) येतो. टाइम झोन बदलला नाही तर सकाळी साडेनऊची एंट्री टॅलीच्या एडिट लॉगमध्ये (कधी काय लिहिलं, बदललं याची नोंद) पहाटे चारची दिसते, आणि ऑडिटच्या वेळी सीए विचारतात, पहाटे चारला हिशोब कोण लिहितं? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, सक्तीची आहे, त्यामुळे जुन्या नोंदींची वेळ बदलायची सोय नाही. पहिलं व्हाउचर टाकण्याआधीच भारतीय वेळ लावा.

खर्चाबद्दल माझं मत मध्येच बदललं. तिसऱ्या महिन्यात वाटत होतं, वर्षभराचा सेव्हिंग्ज प्लॅन (वापराची हमी देऊन सूट) घ्यावा. पण विंडोजच्या परवान्याच्या भागावर सूट मिळत नाही, ती फक्त मशीनच्या भागावर. उलट ऑफिस रोज दहा तास आणि महिन्याला २६ दिवस चालत असेल, तर महिन्याच्या ७३० पैकी २६० तासच मशीन लागतं. रात्री आणि रविवारी ते बंद ठेवणं सरळ स्वस्त. मशीन ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या एडब्ल्यूएसच्या इव्हेंटब्रिज शेड्युलरमध्ये आशिया-कोलकाता वेळ निवडता येते. जुन्या पद्धतीच्या रूल्समध्ये यूटीसीच चालतं, तिथे नऊ वाजता म्हणजे ३:३० लिहावं लागतं. बंद असताना डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं.

वर सांगितलेलं रिपेअर इथलंच. रात्री आठला मशीन बंद होण्याचं वेळापत्रक, तारीख ११, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) भरण्याचा शेवटचा दिवस, आणि दोघं अजून एंट्री करत बसलेले. बरोबर आठला मशीन बंद. दुसऱ्या दिवशी टॅलीत कंपनीचा डेटा उघडेना. ऑल्ट-वायच्या मेनूमधून रिपेअर केलं, चालू झालं. विवरणं भरायच्या दिवसांत, म्हणजे दर महिन्याच्या १०, ११, १९ आणि २० तारखेला, बंद करण्याची वेळ मध्यरात्रीची ठेवा.

मशीन रात्री बंद ठेवण्याचा आणखी एक तोटा: रात्री न झालेलं विंडोज अपडेट आणि डिफेंडरचं (विंडोजच्या अँटिव्हायरसचं) स्कॅन सकाळी नऊला एकदम सुरू होतं. टी३ हे क्रेडिटवर चालणारं मशीन: कमी वापराच्या वेळी क्रेडिट साठतात, जास्त वापराला ती खर्च होतात. लार्जचा कायमचा हक्क प्रत्येक सीपीयूच्या ३० टक्क्यांचा, त्यावर वापर गेला की साठवलेली क्रेडिट संपतात. अनलिमिटेड मोड मुळातच चालू असतो, त्यामुळे क्रेडिट संपल्यावर मशीन हळू होत नाही, बिल वाढतं. अपडेटसाठी रविवारी पहाटे दोन तास मशीन वेगळं चालू करा.

आणि आता प्रिंटर. परवान्याचा घोळ एका आठवड्यात मिटला, प्रिंटरने सहा महिने खाल्ले. माल गाडीत चढवताना दोन प्रतींचं कागदी बिल लागतंच, आणि कार्बनची प्रत निघते डॉट मॅट्रिक्सवरच. १० बाय ६ इंची सलग कागद, नऊ पिनांचा प्रिंटर. लॅनवर टॅलीच्या ड्राफ्ट छपाईत तो अक्षरं अक्षरं म्हणून छापायचा, खर्रर्र करून मोकळा. क्लाउडवरून छपाई रिमोट डेस्कटॉपच्या ईझी प्रिंट या सोयीतून येते, ती प्रत्येक पानाचं आधी चित्र करते. चित्र छापायचं म्हणून मुंडी एकाच ओळीवरून पुन्हापुन्हा फिरते, रिबन लवकर फिकी पडते, आणि खाली गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत उभा.

त्यातून कागदाची मापं. सर्व्हरला १० बाय ६ चा कागद माहीत नसतो, तो लेटर धरतो, म्हणजे ११ इंच. पहिलं बिल नीट येतं. मग कागद ११ इंच सरकतो, आणि दुसरं बिल फाडायच्या रेषेच्या एक इंच आधी सुरू होतं. वर कंपनीचं नाव एका पानावर, माल दुसऱ्या पानावर. दर बिलामागे हाताने चाक फिरवून कागद जुळवायचा.

पहिला इलाज: सर्व्हरवर प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर अगदी त्याच नावाने टाका, ग्रुप पॉलिसीत ईझी प्रिंटला प्राधान्य देणारं सेटिंग डिसेबल करा, आणि प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये १० बाय ६ चा फॉर्म तयार करा. वेग परत येतो, माप जुळतं. पण प्रिंटरच्या नावापुढे सेशनचा नंबर लागतो, आज "रिडायरेक्टेड ३", उद्या "रिडायरेक्टेड ५". टॅलीत निवडून ठेवलेला प्रिंटर दुसऱ्या दिवशी अस्तित्वातच नसतो.

पक्का इलाज सातव्या महिन्यात सापडला. प्रिंटरला लॅनचा छोटा प्रिंट सर्व्हर डबा लावा (पोर्ट ९१००), त्याला कायमचा आयपी द्या, आणि ऑफिसचा राउटर व क्लाउडचा सर्व्हर यांच्यात वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खासगी जोडणी) करा. ब्रॉडबँडला स्थिर आयपी नसला तरी अडत नाही, कारण जोडणी ऑफिसकडून सुरू होते. राउटरवर कीप-अलाइव्ह २५ सेकंद ठेवा म्हणजे बोगदा मिटत नाही. सर्व्हरच्या बाजूला परवानगीच्या पत्त्यांत ऑफिसचं पूर्ण सबनेट (ऑफिसच्या नेटवर्कचे सगळे पत्ते) लिहा, नाहीतर प्रिंटर दिसणारच नाही. ऑफिसचं सबनेट १९२.१६८.१ असेल तर आधी बदलून १९२.१६८.५० करा, कारण घरच्या राउटरचंही बहुधा तेच असतं आणि घरून काम करणाऱ्याचा रस्ता चुकतो. आता सर्व्हरला प्रिंटर कायम एकाच नावाने दिसतो.

याच बोगद्यामुळे ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) जगासाठी बंद करता आला. तो उघडा असताना सुरक्षा लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे चुकीच्या पासवर्डच्या, नोंदींची रांग लागलेली असायची. आणि ज्या सार्वजनिक आयपीच्या भाड्यावर मी पहिले सहा महिने कुरकुरलो (फेब्रुवारी २०२४ पासून ताशी ०.००५ डॉलर, मशीन बंद असलं तरी, महिन्याला तीनशेच्या पुढे रुपये), त्याच आयपीवर हा बोगदा टिकून आहे. कुरकुर मागे घेतो, तीनशे रुपये नाही.

एक काम अजून क्लाउडवर होत नाही: डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. ते रिमोट सेशनमध्ये धड दिसत नाही. जीएसटी पोर्टलची सही ऑफिसच्या पीसीवरूनच करावी लागते, त्यामुळे एक चांगला पीसी ठेवावाच लागला.

घ्यायचं असेल तर डेमोच्या दिवशी स्वतःचा प्रिंटर आणि स्वतःचा कागद लावून सलग दहा बिलं छापून बघा, एकही हात न लावता. दहावं बिल फाडायच्या रेषेवर संपलं तर अॅडव्हान्स द्या.