टार्गेट ड्रायव्हर: आरडीएमएचा कोड स्वतःचा ठेवावा की कर्नलचा सामाईक घ्यावा?

आरडीएमए म्हणजे नेटवर्कवरून थेट दुसऱ्या मशीनच्या मेमरीत वाचणं-लिहिणं. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठीचा कोड कुणाचा वापरायचा, हा प्रश्न मुळात टार्गेटवाल्यांचाच, म्हणजे स्टोरेज पुरवणाऱ्या बाजूचा. इनिशिएटर, म्हणजे स्टोरेज मागणारी बाजू, आपली मेमरी कार्डाकडे रजिस्टर करून तिची की (किल्ली) पाठवतो आणि मोकळा होतो. रीड-राइटची हमाली टार्गेटकडे.

स्वतःच्या कोडचं सुख मला मान्य आहे. स्कॅटरलिस्टचे (विखुरलेल्या बफरांच्या यादीचे) तुकडे कसे पाडायचे, कंप्लीशन (काम झाल्याची सूचना) कुठल्या रिक्वेस्टवर मागायचं, सगळं आपल्या हातात. फक्त इन्फिनिबँड आणि रोसी (RoCE) या आरडीएमएच्या दोन प्रकारांपुरतं असतं, तर मी कदाचित हललोही नसतो.

मला वैताग आणला तो आयवॉर्पने, म्हणजे टीसीपीवरच्या आरडीएमएने. तिथे रीडचा डेटा ज्या बफरमध्ये उतरतो, त्याला रिमोट राइटची परवानगी लागते, म्हणजे साध्या लोकल कीवर भागत नाही. मेमरी रीजन घ्या, रजिस्टर करा, रीड टाका, इन्व्हॅलिडेट करा, पूलमध्ये परत ठेवा. एवढं जमतं हो! पण ऐन लोडमध्ये कनेक्शन तुटलं की शोधत बसा: रजिस्ट्रेशन पार पडलं होतं की फ्लश झालं (न होताच रद्द झालं), डीएमए मॅपिंग (कार्डाला दिलेला बफरचा पत्ता) कुणी सोडायचं, रीजन परत आला का. माझ्या अनुभवात सगळ्यात चिवट बग याच कोपऱ्यात सापडले.

2016 मध्ये, 4.7 कर्नलमध्ये आलेला सामाईक कोड नेमकं हेच अंगावर घेतो. कॉन्टेक्स्ट बनवा, पोस्ट करा, काम संपलं की मोडा. रजिस्ट्रेशन लागतं की नाही, ते तो डिव्हाइस बघून ठरवतो. क्यूपी (कनेक्शनची सेंड-रिसीव्ह क्यूंची जोडी) बनवताना एका वेळी किती ट्रान्सफर चालतील तेवढं सांगायचं, सेंड क्यू तो त्या बेताने वाढवतो. राइटच्या शेपटीला उत्तराचा सेंडही जोडता येतो. आयसर्ट आणि एसआरपीटी हे कर्नलमधले टार्गेट ड्रायव्हर तेव्हाच तिकडे गेले, 2017 मध्ये एनएफएसचा (नेटवर्कवरच्या फाइल सिस्टमचा) सर्व्हरही.

एक खटकतं. डिव्हाइसची मर्यादा आडवी आली, तर मागितलेली सेंड क्यू गुपचूप कमी होते. त्यामुळे जागा उरली आहे का, हा हिशेब ड्रायव्हरलाच ठेवावा लागतो. वेगात मला तरी फरक जाणवला नाही. तुमच्या कार्डावर वेगळं दिसू शकेल.

आयवॉर्प कधीच लागणार नसेल आणि जुना कोड शांत असेल, तर घाई नको. एरवी मी रीडचा रस्ता आधी हलवेन. काढून टाकण्यासारखा कोड तिथेच जास्त निघतो.